७८० नॅनोमीटरचा योगायोग

रुबिडियम ३९.३ अंश सेल्सिअसला वितळतो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा एसी नसलेल्या खोलीत बंद कुपीतला हा रुपेरी धातू दुपारी पातळ होईल आणि रात्री उतार पडला की पुन्हा घट्ट होईल. कुपी फोडायची मात्र सोय नाही. हवेत हा धातू आपोआप पेट घेतो. हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी १८६१ साली तो शोधला, तोही वर्णपटातल्या दोन गडद तांबड्या रेषांवरून. त्यांतल्या एका रेषेची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर. पुढे १२१ वर्षांनी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, सोनीने जपानात पहिला सीडी प्लेअर विक्रीला ठेवला. तबकडी वाचणाऱ्या त्याच्या लेसरची तरंगलांबीही ७८० नॅनोमीटरच्या आसपास होती. सोनीच्या इंजिनिअरांनी रुबिडियमचा विचार केला नव्हता. पण या योगायोगावर अणुभौतिकीतलं एक अख्खं पर्व उभं राहिलं.

ही गोष्ट वऱ्हाडातल्या वाचकाला सांगायची तर सोडियमच्या दिव्यापासून सुरुवात करावी. अमरावतीचं विदर्भ महाविद्यालय १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज म्हणून सुरू झालं. तिथे काय, अकोल्याच्या आरएलटी कॉलेजात काय, बीएस्सीला फिजिक्स घेतलेल्या प्रत्येकाने डार्करूममधलं ते प्रॅक्टिकल केलेलं असतं. स्पेक्ट्रोमीटर स्पिरिट लेव्हलने समतल करायचा, टेबलावर ग्रेटिंग बसवायचं, सोडियमचा दिवा तापेपर्यंत घाम पुसत थांबायचं. मग दुर्बिणीत पिवळी रेघ दिसते. दुसऱ्या ऑर्डरला गेलं की तीच रेघ फाटून दोन होतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. बॅटरीच्या उजेडात व्हर्निअर वाचायचा, कोन लिहायचा, जर्नलवर सही घ्यायची. बहुतेकांचा ग्रेटिंगशी संबंध तिथेच संपतो. या लेखात ते ग्रेटिंग परत येणार आहे, म्हणून त्याची आठवण करून दिली.

लेसरच्या प्रकाशाने अणूंचा वेग कमी करून त्यांना जवळजवळ जागच्या जागी थांबवायचे जे पहिले मोठे प्रयोग अमेरिकेत १९८० च्या दशकात झाले, ते याच सोडियमवर. अणू प्रकाश शोषतो तेव्हा प्रकाशाचा धक्काही खातो. समोरून येणाऱ्या अणूला असे हजारो धक्के दिले की तो मंदावतो. स्टीव्हन चू यांनी १९८५ मध्ये बेल लॅब्जमध्ये सहा बाजूंनी प्रकाश सोडून सोडियमचे अणू असे मंद केले, आणि १९८७ मध्ये त्यांच्यासह बेल लॅब्ज व एमआयटीच्या मंडळींनी चुंबकीय क्षेत्राची जोड देऊन ते एका ठिपक्यात गोळा केले. पण ५८९ नॅनोमीटरचा पिवळा लेसर मिळवायचा तर डाय लेसर लागे. म्हणजे रंगाच्या द्रावणाची सतत वाहती धार, ती चेतवायला आर्गनचा मोठा लेसर, त्याला थ्री-फेज वीज, थंड ठेवायला पाण्याची लाइन. खर्च लाखभर डॉलरच्या घरात. धार हलली की प्रकाश हलला, कपड्यांवर रंगाचे डाग वेगळेच. हे वैभव जगातल्या मोजक्या प्रयोगशाळांना परवडणारं होतं. भारतातल्या विद्यापीठांनी तर तिकडे बघायचंही कारण नव्हतं.

डायोड लेसर तोवर दोन दशकं जगात होता. १९६२ च्या सप्टेंबरात स्कनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट हॉल यांनी गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यातून लेसर काढला. काही आठवड्यांच्या आत निक होलोन्याक आणि आयबीएम, लिंकन लॅबमधले गटही पोचले. तो द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून ठेवावा लागे आणि प्रकाश क्षणभराच्या झटक्यांनीच देई. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही: १९६० च्या दशकाच्या मध्यातच तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात, म्हणजे पुढच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, गॅलियम आर्सेनाइडचा लेसर घडवला गेला. (बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये कार्बन डायॉक्साइडचा लेसर केला, पण ते घराणं वेगळं, तो पोलाद कापतो.) साध्या खोलीच्या तापमानाला सतत चालणारा डायोड लेसर १९७० साली आला, लेनिनग्राडला झोरेस अल्फेरोव यांच्या गटात आणि बेल लॅब्जमध्ये हायाशी व पॅनिश यांच्या हातून, जवळजवळ एकाच वेळी. वेगवेगळ्या अर्धवाहकांचे थर एकावर एक चढवण्याच्या ज्या कल्पनेमुळे हे साधलं, तिच्यासाठी अल्फेरोव आणि हर्बर्ट क्रोमर यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

मग सीडी आली आणि या चिमुकल्या तुकड्याचं नशीब पालटलं. ॲल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे जे डायोड स्वस्तात बनत आणि टिकत, ते ७८० नॅनोमीटरच्या आसपासचे होते, म्हणून सीडीसाठी ती तरंगलांबी पक्की झाली. कारखान्यांतून डायोड लाखोंनी बाहेर पडू लागले, लेसर प्रिंटरनेही तेच उचलले. वऱ्हाडात ही लाट नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्हीसीडी प्लेअरच्या रूपाने आली. लग्नाच्या कॅसेटची सीडी झाली, पिक्चर भाड्याने मिळू लागले, आणि प्लेअर अडकला की दुरुस्तीवाला कव्हर काढून ठरलेलं वाक्य बोले: ‘लेन्स गेली.’ स्पिरिटचा कापूस फिरवून काम भागलं तर ठीक, नाहीतर अख्खी लेन्स बदल. त्या लेन्सखाली मिठाच्या दाण्याएवढा जो लेसर होता तो काय चीज आहे, याची चर्चा गल्ल्यावर होण्याचं कारण नव्हतं. कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात मात्र एका माणसाला ती चीज कळली होती.

कार्ल वीमन. जिला नावाच्या संस्थेत ते सीझियमच्या अणूवर काम करत. सीझियम ८५२ नॅनोमीटरला प्रकाश शोषतो आणि त्या तरंगलांबीचेही डायोड मिळत. १९८६ मध्ये वॉट्स आणि वीमन यांनी डायोड लेसरने अणूंचा वेग बदलून दाखवला. १९९० मध्ये वीमन यांचा विद्यार्थी ख्रिस मन्रो आणि इतरांनी त्याहून धाडसी गोष्ट केली: अणूंचा झोत तयार करणारी लांबलचक यंत्रणा काढूनच टाकली. काचेच्या छोट्या निर्वात कुपीत सीझियमची विरळ वाफ, सहा बाजूंनी डायोड लेसर, बाहेर दोन चुंबकी वेटोळी. वाफेतले जे अणू मुळातच मंद होते ते प्रकाशात अडकले, बस्स. खोलीभर पसरलेला प्रयोग टेबलावर आला. वीमन यांना पुढे नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी. मला विचाराल तर गरीब प्रयोगशाळांवर त्यांचे खरे उपकार या कुपीचे आहेत.

पण सीडीचा डायोड जसाच्या तसा अणूपुढे नेऊन चालत नाही. का, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. रुबिडियमच्या त्या तांबड्या रेषेची कंप्रता सुमारे ३८४ टेराहर्ट्झ, आणि रेषेची स्वतःची रुंदी फक्त सहा मेगाहर्ट्झ. म्हणजे सुमारे ६.४ कोटींत एक भाग. इतक्या अरुंद फटीत लेसर बसला तरच अणू त्याची दखल घेतो. डायोडचा तुकडा पाव मिलिमीटर लांबीचा, त्याची दोन्ही टोकंच आरसे. तापमान वाढलं की तुकडा किंचित फुगतो, आतला अपवर्तनांक बदलतो आणि रंग सरकतो. एक अंश तापमानाला सुमारे ३० हजार मेगाहर्ट्झ. अंशाचा हजारावा भाग चुकला तरी ३० मेगाहर्ट्झ, म्हणजे रेषेच्या रुंदीच्या पाचपट. अकोल्यात एप्रिलमध्ये सकाळ ते दुपार पारा सोळा-सतरा अंश चढतो, तो हिशेब इथे करून बघावा. करंट थोडा हलला की रंग हलतो. शिवाय डायोड मध्येच उडी मारतो: रंग हळूहळू सरकता सरकता एकदम पुढच्या मोडवर, म्हणजे तुकड्यात बसणाऱ्या पुढच्या रंगावर, जाऊन बसतो, आणि आपल्याला हवा तो रंग नेमका दोन मोडांच्या मधल्या खड्ड्यात राहतो. सीडी वाचायला यातलं काहीच आड येत नाही. खड्डा आहे की सपाटी, एवढंच तिला बघायचं असतं.

उपाय दोन थरांचा निघाला. पहिला थर ग्रेटिंगचा, तोच डार्करूममधला, फक्त बारीक: कॉलेजच्या ग्रेटिंगवर इंचाला १५ हजार रेघा, म्हणजे मिलिमीटरला सहाशेच्या आत; इथे मिलिमीटरला १२०० किंवा १८००. डायोडपुढे एक लेन्स, लेन्सपुढे तिरपं ग्रेटिंग. ग्रेटिंग प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या कोनांत फेकतं. ते असं वळवायचं की पहिल्या ऑर्डरचा नेमका हवा तो रंग उलट पावली डायोडमध्ये परत जाईल. डायोडला परत मिळतो तोच रंग तो जोमाने देऊ लागतो. १८०० रेघांचं ग्रेटिंग आणि ७८० नॅनोमीटर असेल तर हा कोन जवळजवळ ४५ अंश येतो. त्यामुळे उरलेला, वापरायचा झोत सरळ काटकोनात बाहेर पडतो. सुताराच्या गुण्याने तपासावं इतका. १९८१ मध्ये लिंकन लॅबच्या फ्लेमिंग आणि मूरॅडियन यांनी अशा बाह्य पोकळीने डायोडचा प्रकाश किती अरुंद होतो ते मोजून दाखवलं होतं. मुळात दहावीस मेगाहर्ट्झ पसरलेला रंग एका मेगाहर्ट्झच्या आत येतो. ग्रेटिंगच्या पाठीमागे पिझोची चकती असते. तिच्यावर व्होल्टेज दिलं की ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापात फुगते, पोकळी लांबते आणि रंग पाहिजे तसा सरकवता येतो. खाली ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्याखाली पेल्टिअर, ठोकळ्यात रुतवलेला थर्मिस्टर. तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत धरून ठेवायची जबाबदारी या त्रिकुटाची.

दुसरा थर खुद्द अणूचा. रुबिडियमची वाफ असलेल्या काचेच्या नळीतून लेसर सोडायचा आणि सीआरओवर बघायचं. लेसर सरकवला की पडद्यावर चार खोल दऱ्या दिसतात, दोन समस्थानिकांच्या दोन-दोन. प्रत्येक दरी पाचशे मेगाहर्ट्झच्या आसपास रुंद, कारण वाफेतले अणू सगळ्या दिशांनी धावत असतात आणि प्रत्येकाला रंग थोडा वेगळा भासतो. एवढ्या रुंद दरीवर लेसर नेमका कुठे टेकवायचा? त्यासाठी समोरून दुसरा, जोरकस झोत सोडतात. जे अणू दोन्ही झोतांच्या दृष्टीने स्थिर आहेत तेच दोघांनाही एका रंगाला प्रतिसाद देतात. जोरकस झोत त्यांना आधीच गुंतवून ठेवतो, मग बारीक झोत तिथून न शोषला जाता निसटतो आणि दरीच्या पोटात टोकदार शिखरं उगवतात. (दोन खऱ्या रेषांच्या बरोबर मध्ये एक तोतया शिखरही उगवतं, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांत उंच असतं. नवखा विद्यार्थी हमखास त्याच्यावर लेसर बांधतो. अनुभवी माणूसही कधीकधी बांधतो, पण मुद्दाम.) आता करंट अगदी किंचित थरथरवायचा, शिखराच्या डावीकडे सरकलो की उजवीकडे ते सर्किटने ओळखायचं आणि पिझोला तसं परत ढकलायचं. खुंटीला बांधलेला गोऱ्हा दाव्याच्या लांबीइतकाच फिरतो, तसा लेसर मग त्या शिखराभोवतीच घुटमळतो. प्रयोगशाळेतली पोरं याला ‘लॉक लागला’ म्हणतात आणि कोणी दार आपटलं की ‘लॉक गेला’ म्हणून ओरडतात.

हे ज्ञान काही जणांच्या वह्यांत राहिलं असतं तर गोष्ट इथेच थांबली असती. वीमन आणि लिओ हॉलबर्ग यांनी १९९१ मध्ये अणुभौतिकीसाठी डायोड लेसर कसे वापरावेत यावर सविस्तर आढावा लिहिला. पुढच्याच वर्षी मॅकॲडम, स्टाइनबाख आणि वीमन यांनी लेसर बांधायची कृती छापली ती ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये, म्हणजे शिक्षकांच्या मासिकात. कोणता आरशाचा माउंट घ्यायचा, कुठे कापायचा, सर्किट कसं. १९९५ मध्ये त्याच मासिकात पदवीच्या विद्यार्थ्यांना करता येईल असा अणू पकडण्याचा स्वस्त प्रयोग आला. त्याच वर्षी म्युनिकमध्ये टेओडोर हेन्श यांच्या गटाने तळहातावर मावेल असा ग्रेटिंगचा लेसर प्रसिद्ध केला. पुढच्या दशकातल्या जगभरच्या घरगुती लेसरांची वंशावळ बोल्डर आणि म्युनिकच्या या दोन आराखड्यांकडे जाते. नावाजलेल्या नियतकालिकात शोध छापून येण्याला आपल्याकडे मान आहे. शिक्षकांच्या मासिकात कृती छापणाऱ्याला पदोन्नतीत किती गुण मिळतात, हे प्राध्यापकांनी आपसात बोलावं.

आणि १९९५ चाच ५ जून. बोल्डरमध्ये एरिक कॉर्नेल आणि वीमन यांनी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या कोट्यंश भागांपर्यंत थंड करून एका पुंज अवस्थेत आणले. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली ढाक्याहून आइन्स्टाइनना जो निबंध पाठवला, त्यातून सुचलेलं भाकीत सत्तर वर्षांनी डोळ्यांनी दिसलं. पहिल्या टप्प्यात अणू थंड करणारे लेसर डायोडचे होते. सीझियम सोडून रुबिडियम घेतला होता आणि त्याचे अणू एकमेकांवर आदळून थंड व्हायला सोयीचे निघाले. त्याच सप्टेंबरात एमआयटीत वोल्फगांग केटर्ले यांनी सोडियमवर तेच साधलं, तेही डाय लेसरने. २००१ चं नोबेल तिघांना मिळालं. पण त्यानंतर नव्याने प्रयोगशाळा उभारणाऱ्यांनी बहुतांशी रुबिडियम निवडला, आणि त्यामागे निसर्गनियमाइतकाच सीडीच्या बाजारभावाचाही हात होता.

भारतात हे काम नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मूळ धरू लागलं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत डायोड लेसर हातानेच बांधले गेले. २००१ साली तिथल्या बॅनर्जी, रापोल, वासन आणि नटराजन यांनी रुबिडियमला बांधलेल्या डायोड लेसरची फूटपट्टी करून दुसऱ्या लेसरांची तरंगलांबी मोजणारं उपकरण प्रसिद्ध केलं. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. एस. उन्नीकृष्णन यांच्या गटाने रुबिडियमचे अणू प्रकाशाच्याच सापळ्यात पुंज अवस्थेपर्यंत थंड केल्याचं काम २००७ मध्ये छापलं. बंगळुरूच्या त्या निबंधातले उमाकांत रापोल पुढे पुण्याच्या आयसरमध्ये आले. पाषाणच्या त्या आवारात त्यांनी अतिशीत अणूंची प्रयोगशाळा उभी केली. तिथे अतिशीत रुबिडियमला प्रकाशाचे ठरावीक अंतराने धक्के देत, मधूनच ती लय बिघडवत, अणूंचं पुंज वर्तन कसं हळूहळू पुसट होतं हे त्यांनी आणि सिद्धांताच्या बाजूने एम. एस. संतानम यांनी तपासलं. २०१७ मध्ये ते ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये आलं. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकात सुभदीप डे यांचा गट इटर्बियमच्या एकेका आयनावर चालणारं प्रकाशीय घड्याळ उभारतो आहे. तिथेही डायोड आहेत, पण त्यांना रुबिडियमची खुंटी चालत नाही. रंगही वेगळे आणि नेमकेपणाची भूकही वेगळी.

बोल्डरची कृती इथे जशीच्या तशी उतरत नाही, आणि हा भाग परदेशी निबंधांत सापडायचा नाही. तिकडे हवा कोरडी. डायोडचा रंग जुळवायला तो दहा-बारा अंशांवर थंड केला तरी बिघडत नाही. इथे जुलैत तसं केलं की डायोडवर दव धरतं. मग खोका घट्ट बंद करायचा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या, नाहीतर थंड करायचा नादच सोडून मुळात थोड्या वेगळ्या रंगाचा डायोड निवडून तो तापवून जुळवायचा. वऱ्हाडात उलटी तऱ्हा. एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी की अंगावरच्या स्थिर विजेनेच डायोड मरतो. तो हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टा हवाच, आणि ठेवताना त्याचे पाय एकमेकांना जोडून. म्हणून कूलर लावावा तर त्याची ओल थेट लेन्सवर. आणि लाइट. दोन हजारच्या दशकातलं विदर्भातलं लोडशेडिंग ज्यांनी भोगलं त्यांना सांगायला नको. लाइट जाऊन आली की लॉक पुन्हा लावायला मिनिटं लागतात, पण ठोकळ्याचं तापमान अंशाच्या हजाराव्या भागात स्थिरावायला तास जातात. येताना व्होल्टेजचा झटका आला तर डायोड गेलाच. इन्व्हर्टर नसलेल्या प्रयोगशाळेत हे काम होत नाही.

याच कथेचा दुसरा फाटा वऱ्हाडच्या उंबरठ्यापर्यंत आला आहे. अकोल्याहून वाशिम, वाशिमहून हिंगोली, पुढे औंढा नागनाथ. सगळं मिळून दीडशेएक किलोमीटर. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, त्यांत निर्वात नळ्या, आणि मधून धावणारा १०६४ नॅनोमीटरचा लेसर. हा प्रकाश एका निओडिमियमच्या स्फटिकातून निघतो, पण त्या स्फटिकाला चेतवणारे दिवे पुन्हा डायोड लेसरच. वेधशाळेच्या लेसरला स्थिर करायची युक्ती १९८३ ची. रॉबर्ट पाउंड यांनी १९४६ मध्ये मायक्रोवेव्हसाठी वापरलेली कल्पना ग्लासगोचे रोनाल्ड ड्रेव्हर आणि बोल्डरच्याच जिलामधले जॉन हॉल यांनी प्रकाशावर आणली. लेसरला अणूऐवजी दोन आरशांमधल्या अंतराला बांधायचं. परावर्तित प्रकाशात बाजूचे दोन क्षीण रंग मिसळलेले असले की लेसर किती आणि कोणत्या बाजूला ढळला ते लगेच कळतं. ड्रेव्हर यांना ही युक्ती गुरुत्वीय लहरींसाठी हवी होती, हॉल यांना अणूंच्या रेषांसाठी. आज आयुकातलं घड्याळ असो की औंढ्याची वेधशाळा, त्यांचं त्या युक्तीवाचून चालायचं नाही. अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली, ११ फेब्रुवारी २०१६ ला ते जाहीर झालं आणि सहाच दिवसांत केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. अंतिम मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये, २६०० कोटी रुपयांची. सहा दिवस आणि सात वर्षं, दोन्ही वेग आपलेच.

त्याच एप्रिलमध्ये ६००३ कोटींचं राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर झालं. त्यातलं संवेदन आणि मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईला दिलं आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात या मिशनखाली निवडलेल्या आठ स्टार्टअपांत पुण्याची क्वप्रयोग प्रकाशीय अणुघड्याळांवर काम करणारी आहे, तर दिल्ली आयआयटीतून निघालेली प्रेनिष्क नेमके डायोड लेसरच बनवते. असे लेसर इथेच बनवायची गरज का पडली, याचं उत्तर पुन्हा बाजारात सापडतं. तयार, स्थिर केलेला लेसर परदेशातून मागवायचा तर एकेका रंगाला लाखांत पैसे मोजावे लागतात आणि एका प्रयोगाला असे चार-पाच रंग लागतात. घरी बांधावा तर ज्या डायोडवर सगळी इमारत उभी होती, तेच दुर्मीळ होऊ लागले. सीडी गेली, व्हीसीडीची दुकानं मोबाइल रिचार्जची झाली, आणि स्वस्त ७८० नॅनोमीटरचे डायोड काढणाऱ्या कंपन्यांनी एकेक मॉडेल बंद केलं. उलट आता खास अणूंच्या रंगाला जुळतील असे डायोड मुद्दाम बनवले जातात. २०११ मध्ये काडेपेटीएवढं सीझियमचं घड्याळ बाजारात आलं, त्यातला लेसर सीझियमसाठीच घडवलेला होता. त्याला कोणी गाणं ऐकायला विकत घेत नाही, म्हणून त्याची किंमत लेन्सच्या किमतीला कधी उतरेल अशी आशा नाही. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या विभागप्रमुखाला आज मॅकॲडमची ती जुनी कृती काढून पोरांकडून लेसर बांधून घ्यायचा झाला, तर ग्रेटिंग, पिझो, पेल्टिअर, थर्मिस्टर सगळं मिळेल. डायोडसाठी मात्र जुन्या सीडी रायटरच्या ढिगात हात घालावा लागेल, आणि त्यातले किती ७८४ ला बसतील आणि किती ७८० ला, ते एकेक पेटवूनच बघावं लागेल.